लेकीसाठी नोकरी सोडली, म्हणजे आई सक्षम झाली?

गोदाकाठची (परभणी)
परवापासून एका ताईंची पोस्ट सगळीकडं फिरायली. मुलीच्या नीटसाठी त्यांनी खाजगी शाळेतली नोकरी सोडली, लातूरला ट्युशन एरियात खोली केली, अकरावी-बारावी तिच्यासोबत काढली. मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला. मनापासून अभिनंदन. पण शेवटी ताई लिहितात, "बाईची खरी ताकद आईपणात आहे. हक्क मागत बसण्यापेक्षा एक लेक घडवा, तेच सक्षमीकरण." खाली नुसते जोडलेले हात. मला हे पटलं नाही, आणि मीही दोन लेकरांची आई आहे.

त्या एरियात माझी बहीण राहायली, म्हणून माझं जाणं-येणं असतं. एका मजल्यावर चार-पाच खोल्या, खोलीत एक आई अन् एक लेकरू. पहाटे कुकर, दुपारी डबा, लेकरू क्लासला गेलं की दार ओढून गप्प बसायचं. टीव्ही नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, कारण शेजारच्या खोलीतलं पोरगं टेस्टची तयारी करायलंय. त्यात शिक्षिका आहेत, नर्स आहेत, चालतं पार्लर बंद करून आलेली एक आहे. बाप एकही नाही. बाप रविवारी येतो, पिशवीभर भाजी ठेवतो, मार्क विचारतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. मार्क घसरले तर "तू इथं बसून करतीस काय?" हे ऐकायचं आईनंच.

लेक कॉलेजला गेल्यावर या बाईकडं काय राहतं? नोकरी गेली, पीएफ काढून भाड्यात घातला, घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या. तुमचा निर्णय तुमचा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण हक्क मागू नका, असं बाकीच्या बायकांना सांगू नका.

उदगीरचा मास्तर
ताई, लोकांच्या घरात किती डोकावाल? माझी मिसेसपण दोन वर्षं लातूरला होती. इकडं म्हातारे आई-वडील, शेत अन् शाळा मीच पाहिली. भाकरी थापायला शिकलो. रविवारचा बाप म्हणून हिणवायलात, पण खोलीभाडं, क्लासची फी, टेस्ट सिरीज हे सगळं तोच भरतो ना? पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत माझे. आणि सतरा वर्षांच्या पोरीला परक्या गावात एकटीला ठेवायची भीती वाटते, ती काय खोटी आहे?

गोदाकाठची
भीती खरी आहे, सर. पण त्या भीतीपायी नोकरी कुणाची गेली? तुमची चालू आहे, पुढं पेन्शनही मिळेल. मिसेसना काय?

उदगीरचा मास्तर
कसली पेन्शन? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन सरकारनं बंद केली. त्यासाठी संप केला, मोर्चे काढले, पगार कापून घेतला. माहिती नसताना बोलू नका.

गोदाकाठची
म्हणजे म्हातारपणी स्वतःचा पैसा नसला की काय होतं, हे तुम्हाला चांगलं कळतं. मग मिसेसच्या बाबतीत का कळत नाही?

केजची लेक
माझ्या मायला सोडायला नोकरीच नव्हती. दिवाळी झाली की माय-बाप ऊसतोडीला कारखान्यावर, आम्ही भावंडं आजीपाशी. धाकटा अंगावर पिता होता म्हणून त्याला सांभाळायला थोरल्या बहिणीला फडात नेलं. तिची शाळा तिथंच सुटली अन् अठराच्या आत लग्न लावलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) बापाच्या हातात देतो. मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते माय, पण हिशोबाच्या वहीत तिचं नाव नसतं. खाडा झाला की दंड. तो दंड नको म्हणून अन् दुखणं नको म्हणून आमच्या वस्तीवर कितीतरी बायकांनी गर्भपिशवी काढून घेतली. २०१९ मध्ये त्यावर सरकारला समिती नेमावी लागली, तवा बाकीच्यांना कळलं. ज्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं ८०७ पोरी निघाल्या, तिथं पोरगी होऊ दिली हीच मायची मोठी लढाई होती. आईपणाची ताकद तिला कुणी शिकवायची गरज नाही. तिला तिच्या कामाचे पैसे तिच्या हातात पाहिजेत.

नांदेड कोर्टातली
केजच्या ताईंनी मुद्द्याला हात घातला. ज्या बाईच्या नावावर काही नाही, तिला घरात कुणी विचारत नाही. नवरा गेला की हे कळतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका माझ्याकडं येतात. सातबारा सासऱ्याच्या नावावर, दीर वारस फेरफाराला अडवतो, पीककर्ज मिळत नाही, अनुदान दुसऱ्याच्याच खात्यात. आणि याच बायकांनी माहेरी हक्कसोडपत्रावर सही केलेली असते, भावाशी वाईटपणा नको म्हणून. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हिस्सा दिला, २००५ मध्ये देशभर झाला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये बाप हयात नसला तरी.

जालन्याचा शेतकरी
याच कायद्यानं घरं फोडली, वकीलबाई. समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली. तोवर बहीण राखीला यायची, कधी शब्द नाही. मावेजा (जमिनीची भरपाई) येणार कळलं अन् दाजी नोटीस घेऊन दारात. तिच्या लग्नाला बापानं दीड एकर विकलं होतं, त्याचा हिशोब कोण करणार? आईचा दवाखाना मी केला, बांधावरची भांडणं मी झेलली, दुष्काळात जनावरं छावणीत नेऊन मी राहिलो. तेव्हा कुठं होता हक्क?

गोदाकाठची
दीड एकर विकून हुंडा दिला तो दाजीच्या घरच्यांना. बहिणीच्या नावावर त्यातलं काय लागलं? हुंडा घेणाऱ्याला कधी नोटीस दिली का तुम्ही?

जालन्याचा शेतकरी
तुम्हाला काय जातंय शहरात बसून बोलायला! बाया बायांची बाजू घेणार, हे माहीतच होतं.

नांदेड कोर्टातली
भाऊ, आवाज चढवून हिस्सा कमी होत नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो तशा जबाबदाऱ्याही मुलीवर येतात. जमिनीवर कर्ज असेल तर हिशोबात तेही मांडायला लावा. आईच्या दवाखान्याची बिलं असतील तर तीही पुढं ठेवा. पण मावेजातला तिचा हिस्सा नाकारता येणार नाही.

जालन्याचा शेतकरी
कर्जाचं हे आमच्या वकिलानं सांगितलं नव्हतं. पाहतो. पण दाजीला दारात उभा करणार नाही.

हिंगोलीची
मी सही करून दिली होती भावाला. साडी-चोळी मिळाली, सगळे गोड बोलले. पुढं नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा लेकरू घेऊन माहेरी गेले, तर भावजय म्हणाली, तुमचं इथं काय आहे? काहीच नव्हतं, सहीच केली होती. त्या लातूरच्या ताईंना एवढंच विचारा, मुलगी डॉक्टर होईल, पण हक्कसोडीवर सही करू नको हे तिला शिकवलं का?

उदगीरचा मास्तर
आईपणावरून निघालेला विषय कोर्टात नेऊन ठेवला तुम्ही सगळ्यांनी.

गोदाकाठची
विषय तोच आहे, सर. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखो बायका जमल्या. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, तेव्हा नवऱ्यांनी स्वतःहून बायकांच्या नावावर जमिनी केल्या. त्यात मराठवाड्यातले शेतकरीही होते. आजही नवऱ्याची इच्छा असेल तर तलाठ्याकडं अर्ज देऊन सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं. ज्या बाईनं लेकीसाठी दोन वर्षं त्या खोलीत काढली, तिच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

केजची लेक
अन् ज्यांच्याकडं जमीनच नाही त्यांचं काय, ताई? आमच्याकडं सातबारा नाही, कोयताच आहे. वहीत मायचं नाव घालायला मुकादमाला कोण सांगणार?

नांदेड कोर्टातली
ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मायच्या स्वतःच्या नावानं मागा, नुसतं बापाच्या नावानं नको. अर्जाची पोच घ्या. नाही म्हणाले तर लेखी मागा आणि मला कळवा.

उदगीरचा मास्तर
शेत वडिलांच्या नावावर आहे, माझ्या हातात नाही. धाकटा यंदा दहावीला आहे. त्याला होस्टेललाच ठेवणार, खोली करणार नाही. मिसेस पुन्हा शिवणक्लास सुरू करायचं म्हणायल्यात, करू देत. झालं समाधान?

गोदाकाठची
अर्धं. घर तर तुमच्या नावावर आहे ना?