परदेशातल्या मुलाचं पालकत्व: संस्थेने आता 'दुसरं मूल' सुचवलंय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मी, नवरा आणि चौथीतली लेक. काही वर्षांपासून एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत युगांडातल्या एका मुलीच्या पालकत्वाचे पैसे भरतोय (दत्तक नाही, तिच्या नावाने देणगी आणि पत्रव्यवहार), महिन्याला तीसेक पौंड. परवा संस्थेचं पत्र आलं. त्या भागातलं काम पूर्ण करून संस्था तिथून निघतेय, त्यामुळे मुलीशी पत्रव्यवहार थांबेल. सोबत दुसऱ्या देशातल्या एका मुलाचा फोटो, वय, आवडता खेळ. आम्ही काहीच कळवलं नाही तर बँकेतून जाणारे पैसे आपोआप त्याच्या नावावर जायला लागतील.

काम संपवून निघण्याबद्दल माझी तक्रार नाही. गाव सावरलं की संस्थेने बाजूला व्हायलाच हवं. पण एका मुलीच्या जागी दुसरं मूल असं लगेच पुढे करणं मला फार लागलं.

आमच्या घरात ही मुलगी म्हणजे नुसता फोटो नाही. पत्रं छापील कागदावर येतात. वर तिचा क्रमांक, शेजारी आमचा. मजकूर तिने तिच्या लुगांडा भाषेत लिहिलेला, खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात इंग्रजी. तळाशी चित्रासाठी चौकोन, त्यात ती कोंबड्या काढते. एकदा तिने विचारलं, तुमच्याकडे मका कोण दळतं? लेकीने आजीच्या गावातल्या गिरणीचं चित्र काढून पाठवलं, पट्ट्यासकट. पत्र पोहोचायला महिने लागतात, तरी दोघी एकमेकींना उत्तरं देतात.

म्हणून मी शोधाशोध केली. ही कल्पना जुनी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, प्लॅन इंटरनॅशनल सुरू झाली ती 'एक मूल, एक देणगीदार' याच पायावर. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः पालकत्व घेऊन तपास केला, तेव्हा मालीमधली एक मुलगी वारल्यानंतरही तिच्या नावाने पैसे घेतले जात असल्याचं निघालं. ते वाचून झोप उडाली. उलट बाजूला अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास आहे. युगांडा आणि भारतासह सहा देश, दहा हजारांहून जास्त लोक. कार्यक्रम आला तेव्हा वय उलटून गेल्यामुळे ज्यांना तो मिळाला नाही, अशा थोरल्या भावंडांशीही तुलना केली. पालकत्व मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. हे काही थोडं नाही.

पण तो अभ्यास 'कम्पॅशन' या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यक्रमाचा. त्यांच्याकडे फी, जेवण, आरोग्य तपासणी त्या-त्या मुलाला स्थानिक चर्चमार्फत मिळते. आमची संस्था, अनेक मोठ्या संस्थांसारखीच, पैसे एकत्र करून शाळा, पाणी, दवाखाना यांवर खर्च करते. मला तेच जास्त न्याय्य वाटतं, शेजारचं मूल उपाशी राहत नाही. मग मुलाचा फोटो लागतोच कशाला? वेबसाइटवर स्थळं बघावीत तसं देश, वय, मुलगा-मुलगी निवडून फोटो सरकवत जायचे, हे मला सहन होत नाही. ज्यांना कुणी निवडत नाही, त्यांचे फोटो किती दिवस तिथे असतात?

तर विचारायचंय असं की दुसरं मूल घ्यावं, की मूल न जोडता तेवढेच पैसे संस्थेला द्यावेत? की भारतात द्यावेत? नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय आहे, माझा ब्रिटिश, सोबत ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आहे. आणि लेकीला काय सांगू?

प्रतिसाद १
ताई, मी विदर्भात अशा एका संस्थेत मुलांकडून पत्रं लिहून घ्यायचं काम केलंय. पत्रांच्या दिवशी वर्गात दोन गट पडायचे, ज्यांना पत्र आलंय आणि ज्यांना नाही. शिकवणं बाजूला राहायचं. तुम्ही मूल न जोडता द्या, आणि तसं लेखी कळवा, म्हणजे बँकेचे पैसे परस्पर वळणार नाहीत. निरोपाचं एक पत्र पाठवू द्या असा आग्रह धरा. लेकीला खरं तेच सांगा. मुलांना कळतं.

प्रतिसाद २
भारताबद्दल: परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. तुमच्या ओसीआयवरची मात्र धरतात. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. हे प्रकरण कडक आहे, कम्पॅशनला २०१७ मध्ये यातूनच भारतातलं काम बंद करावं लागलं. तेव्हा देणगी नवऱ्याच्या नावाने करा.
आणखी एक. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आई-वडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांना घरातच सांभाळता यावं म्हणून महिना २२५० रुपये, पूर्वी ११०० होते. कितीतरी आज्यांना, मावश्यांना हे माहीतच नसतं, किंवा दाखल्यांवर अडतं. हे अर्ज भरून देणारी, पाठपुरावा करणारी संस्था तुमच्या इकडच्या, गावाकडच्या जिल्ह्यात शोधा. सरकारी पैसा मुलापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाच्या पगाराला सहसा कुणी देणगी देत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याशी बोलले, बालसंगोपनाचं त्याला फार पटलं, त्याच्या नावाने तिकडे सुरू करतोय. युगांडाच्या संस्थेला 'दुसरं मूल नको, पैसे सर्वसाधारण कामाला' असं आज कळवलं. लेकीला सांगितलं. रडली, मग पत्र लिहायला बसली.
एकच प्रश्न उरला. पूर्व आफ्रिकेत अशा संस्थेत कुणी काम केलंय का? गावातलं ऑफिस बंद व्हायच्या बेतात असताना आलेली पत्रं खरंच मुलांपर्यंत पोहोचवतात का, आणि त्यासाठी नेमकं कुणाला गाठावं?