‘युनियनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

एडवर्ड कार्सन यांच्यावर टिपण लिहिते आहे. जन्म डब्लिनचा, १८५४ सालचा. आधी नावाजलेले बॅरिस्टर, पुढे आयर्लंडमधल्या युनियनिस्टांचे पुढारी. मी ‘संघवादी’ लिहिलं, तर बहिणीने विचारलं, “कामगार संघाचे होते का गं?” दुसरा शब्द आहे का?

— ताई, ‘संघवादी’ नकोच. संघराज्यामुळे तो ‘फेडरल’कडे झुकतो, आणि आपल्याकडे नुसतं ‘संघ’ म्हटलं की वाचक भलतीकडेच जातो. इथलं युनियन म्हणजे १ जानेवारी १८०१ पासून झालेलं ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचं एक राज्य. डब्लिनची संसद त्यात गेली. ती जोड टिकावी म्हणणारे ते युनियनिस्ट. ‘विलीनीकरणवादी’ही बसत नाही. गोव्यात १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणवाद्यांना बदल हवा होता. कार्सनना होतं तेच राखायचं होतं.

मी तरी ‘युनियनिस्ट’च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडून सांगेन. याच भांडणातला ‘होमरूल’, म्हणजे आयर्लंडचा कारभार आयर्लंडच्याच हाती, हा शब्द आपण तसाच घेतला की! टिळकांची १९१६ ची लीग होमरूल लीगच होती.

— ‘ऐक्यवादी’ का नको?

— ऐक्य म्हटलं की माणसांची एकजूट डोळ्यांसमोर येते, राज्यांची कायदेशीर जोड नाही. शिवाय कार्सनना सगळं आयर्लंड ब्रिटनशी जोडलेलं हवं होतं. अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाचा, विरोध उभा केला तो होमरूलच अडवायला. शेवटी पदरात पडली आयर्लंडची फाळणी. डब्लिनच्या या माणसाला ती जिंकल्यासारखी वाटली नाही, म्हणून त्यांना ‘फाळणीवादी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

— अजून एक. २८ सप्टेंबर १९१२ ला बेलफास्टमध्ये त्यांनी पहिली सही केली, त्या होमरूलविरोधी ‘कव्हेनंट’ला ‘प्रतिज्ञापत्र’ लिहू का?

— नको, ते कोर्टातलं ॲफिडेव्हिट वाटतं. त्या मजकुरात देवावर भिस्त ठेवून शब्द दिला आहे. ‘प्रतिज्ञालेख’ लिहा.

आणि तुमच्या टिपणातलं वाइल्ड खटल्याचं वाक्य तेवढं तपासा. १८९५ च्या त्या बदनामीच्या खटल्यात फिर्यादी लेखक ऑस्कर वाइल्डच होते. कार्सन आरोपीचे, क्वीन्सबरींचे वकील. त्यांनी वाइल्डची ‘उलटतपासणी’ घेतली. ‘चौकशी केली’ लिहिलंत तर कार्सन पोलिसांतले वाटतील.