मदत हवी आहे: आप्पांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 290, पण रक्त जेवल्यावरचं

आम्ही खानापूरचे. आप्पांची तपासणी बेळगावात केली. उपाशीपोटी साखर 128, जेवून दोन तासांनी 136. पोटात काही नसताना यकृत साखर सोडतं, पहाटे जरा जास्तच, एवढं ठाऊक आहे. घोळ ट्रायग्लिसराइडचा. 290 आलं, पण ते रक्त जेवणानंतर घेतलेलं. जेवल्यावर रक्तातली चरबी तीन-चार तास चढतीच असते ना? त्यात आप्पांनी भाकरी-झुणक्यावर वाटीभर कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, हाणलेला (मला नंतर कळलं!). मग हा आकडा धरायचा, की 10-12 तास उपाशी ठेवून पुन्हा रक्त द्यायचं? सोबत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) पण करून घेऊ का? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, आप्पा "मला काय धाड भरलीय" म्हणून बसलेत.