दोन्ही बाजूंना हरिकेन ३?
टेबल टेनिसच्या बॅटला दोन्ही बाजूंना हरिकेन ३ हे चिनी रबर लावू का, असं विचारलंय. फोरहँडला खुशाल लावा, बॅकहँडला नको.

हरिकेनचा वरचा थर चिकट आणि स्पंज कडक. ते आपणहून चेंडू फेकत नाही. कंबर वळवून फटका पूर्ण मारला तरच स्पंज दबतो, मग मात्र फिरकी अशी मिळते की समोरचा बघत राहतो. फोरहँडला तेवढी जागा असते. बॅकहँड पोटासमोरून, कोपर-मनगटाच्या छोट्या हालचालीत मारायचा. तिथे हे रबर मेल्यासारखं वाटतं. मी हट्टाने काही महिने खेळून पाहिलं, ब्लॉक सोडून बाकी सगळं नेटमध्ये! तिथे मऊ स्पंजचं, स्वतःची उसळी असलेलं टेन्सर प्रकारचं रबर बरं. स्पंजची जाडी १.८ ते २.० मिमी पुरे. मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड, घेतलंत तर सर्व्हिस परतवताना चेंडू उडेल.

आणि हो, हरिकेनवर लिहिलेले कडकपणाचे ३९ अंश चिनी मोजपट्टीचे. जर्मन रबरावरच्या ४७ शी थेट तुलना केलीत तर फसाल. प्रत्यक्षात हरिकेनच जास्त कडक निघतं.

रंगाचं म्हणाल तर एक बाजू काळीच लागते. दुसरी ऑक्टोबर २०२१ पासून लालशिवाय निळी, हिरवी, गुलाबी किंवा जांभळीही चालते.