मदत हवी आहे: लॅटिस ऑक्सिजन (ऑक्साइडच्या स्फटिकरचनेतलाच ऑक्सिजन) नक्की ओळखायचा कसा?

खान्देशात, जळगाव-धुळ्याकडे, मास स्पेक्ट्रोमीटर (वायू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) जोडलेला पल्स रिअॅक्टर (उत्प्रेरकावर वायू थोडा थोडा, ठोक्यांनी म्हणजे पल्सनी सोडणारं उपकरण) कुणाकडे आहे का? उत्प्रेरक मँगनीज-सीरिया (सीरिया म्हणजे सेरियम ऑक्साइड), १०० मिग्रॅ, तापमान ३०० अंश सेल्सिअस. ऑक्सिजन बंद करून हेलियममध्ये कार्बन मोनॉक्साइडचे पल्स सोडले तरी कार्बन डायऑक्साइड निघतो, मग पल्सागणिक उतरत जातो. मार्स-व्हॅन क्रेव्हेलेन यंत्रणेला (उत्प्रेरक स्वतःचा लॅटिस ऑक्सिजन देतो आणि ती जागा वायूतल्या ऑक्सिजनने भरून निघते) हे धरून आहे, पण पृष्ठभागावर चिकटलेल्या ऑक्सिजनचा वाटा वेगळा काढल्याशिवाय तसं म्हणणं घाईचं. ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) खूण म्हणून वापरावा, तर तयार झालेला कार्बन डायऑक्साइडच ऑक्साइडशी ऑक्सिजनची अदलाबदल करतो आणि आकडे फसवे येतात. त्यात सीरियावर कार्बोनेट साचतं, म्हणून कार्बनचा ताळेबंदही लागत नाही. ही अदलाबदल वजा करायला नुसत्या कार्बन डायऑक्साइडचे पल्स देऊन बघता का? आणि पुन्हा ऑक्सिडेशन किती अंशांवर, किती वेळ करता?