'आमचा वाडा' ग्रुप : नितीनचा चिंबोऱ्यांचा कॅमेरा

सुधीरकाका: नितीन, काल रात्री पुलाखाली परत तीन गाड्या, चिंबोऱ्या पकडायला. पनवेलची पोरं. कुठून कळलं विचारलं तर म्हणे यूट्यूबवर बघितलं. तुझ्याच व्हिडिओत आपला पूल, मारुतीचं देऊळ, एसटी थांबा सगळं दिसतंय. आणि आता तू नवीन कॅमेरा घेतोयस असं तुझी आई म्हणाली. आधी हे मिटव मग कॅमेरा.

उषाआत्या: 🌹🌹 शुभ सकाळ, आजचा दिवस आनंदाचा जावो 🌹🌹

नितीन: काका गाड्या दर वर्षी येतात, माझ्या व्हिडिओच्या आधीपासून. आणि पाटी मी ब्लर केलेली. मंगेशदादा कॅमेऱ्याचं सांग ना, मोबाईलवर रात्रीचं काय धड येत नाय, एका हातात बॅटरी एका हातात चिंबोरी, मोबाईल काय दातात धरू? बजेट १५ हजार.

बाळाकाका: माळ्यावर हँडीकॅम आहे. शिल्पाच्या लग्नाचा. त्यात नाईट शॉट होता.

मंगेशदादा: काका त्या नाईट शॉटमध्ये चिंबोरी पण हिरवी दिसेल आणि नितीन पण हिरवा 😂 शिवाय कॅसेट कुठे मिळणार आता

बाळाकाका: कॅसेट आहेत. पाच. पॅक.

शीतलवहिनी: कॅमेरा राहू द्या, गमबूट घेतलेत का ते सांगा आधी. मागच्या व्हिडिओत भाऊजी स्लीपरवर बांधावर फिरतायत आणि बाजूला फुरसं असतं तर? आणि पायाला जखम असताना त्या चिखलात उतरू नका, लेप्टोचे (दूषित पाण्यातून होणारा ताप) पेशंट पावसाळ्यात दर वर्षी असतात आमच्याकडे

नितीन: वहिनी गमबूट आहेत, व्हिडिओत बरे दिसत नाय म्हणून नव्हते घातले

शीतलवहिनी: वा

मंगेशदादा: हे बघ नितीन, नीट वाच, परत विचारू नकोस. तुझं काम रात्रीचं, पावसातलं आणि दोन्ही हात अडकलेले. म्हणजे ॲक्शन कॅमेराच (अंगावर लावायचा छोटा कॅमेरा), छातीवरच्या पट्ट्याचा. डोक्यावर लावू नकोस, तू दर दोन सेकंदाला मान फिरवतोस, बघणाऱ्याला ओकारी येते, आणि डोक्यावर बॅटरी पण असते तुझी, लेन्सच्या शेजारी लाईट असला की पावसाचा प्रत्येक थेंब पांढरा चमकतो नि मागचं काही दिसत नाही. लाईट हातात धर, लेन्सपासून लांब, बाजूने टाक. दुसरं, ४के ४के करू नकोस. तू तो ऑनलाईन मागवलेला बिननावाचा डबा घेतलास ना गेल्या वर्षी, त्यावर पण ४के लिहिलेलंच होतं, आत लहान चित्र ताणून मोठं करतात. अंधारात सेन्सरचा, म्हणजे आत उजेड पकडणाऱ्या चिपचा, आकार बघायचा. गोप्रो ९ आणि १० चा सेन्सर १/२.३ इंच, ११ पासून १/१.९, डीजेआयच्या ॲक्शन ४ चा १/१.३. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, तितका उजेड जास्त.

प्राची: दादा याला अपूर्णांक समजत असते तर हा चिंबोऱ्या पकडत असता का 🤣

नितीन: तुला भरलेल्या चिंबोऱ्या पाठवतो ना पुण्याला तेव्हा बरा असतो मी

सुधीरकाका: माझ्या मेसेजवर कोणी बोलत नाही. जागा दिसता कामा नये. पूल, देऊळ, थांबा.

मंगेशदादा: हो काका, बरोबर आहे तुमचं. नितीन, नवीन कॅमेरा १५ मध्ये मनासारखा येणार नाही, ॲक्शन ४ तर नाहीच. वापरलेला बघ. गोप्रो ९, १० किंवा ॲक्शन ३. ॲक्शन ३ वेगळ्या वॉटरप्रूफ डब्याशिवाय १६ मीटर पाण्यात चालतो, गोप्रो १० मीटर, आपल्या ओहोळाला गुडघाभर पाणी, कुठलाही चालेल.

रोहित: 📹 व्हिडिओ
रोहित: हे बघा असा शूट पाहिजे, काय क्लिअर आहे

सुधीरकाका: रोहित ते आत्ताच्या आत्ता डिलीट कर. ती घोरपड आहे. वन्यजीव कायदा १९७२, पहिल्या अनुसूचीत आहे घोरपड. मारणारा आत जातो आणि असले व्हिडिओ फिरवणाऱ्याच्या दारात पण फॉरेस्टवाले येऊ शकतात. ग्रुपचा ॲडमिन मी आहे.

रोहित: काका फॉरवर्ड होता, मी काय मारली नाय

_रोहित यांनी हा मेसेज डिलीट केला_

उषाआत्या: काय होतं रे त्यात, माझं नेट स्लो आहे

अमोल (पेनसिल्व्हेनिया): इकडे आमच्या ऑफिसात एक जण हरणाच्या शिकारीला जातो, थँक्सगिव्हिंग झालं की बंदुकीचा सीझन सुरू होतो, झाडावर मचाण बांधून बसतो. त्याचं म्हणणं ॲक्शन कॅमेऱ्यात हरीण मुंगीएवढं दिसतं, एवढा वाईड असतो तो. म्हणून तो झाडाला क्लॅम्प मारून जुना झूमवाला कॅमकॉर्डर लावतो आणि ॲक्शन कॅमेरा फक्त स्वतःच्या तोंडावर. स्वस्तात पडतं म्हणे.

बाळाकाका: मी हेच म्हणतोय सकाळपासून. हँडीकॅम.

उषाआत्या: अमोल, हरणं मारतात? आणि तू त्याच्याबरोबर जेवतोस?

अमोल (पेनसिल्व्हेनिया): आत्या लायसन्स असतं, नारिंगी जॅकेट घालायची सक्ती असते, मोजून मारतात. मी फक्त ऐकतो.

उषाआत्या: आपल्याकडे रामायणात हरणाच्या मागे गेल्यानेच सगळं झालं

प्राची: 😂😂😂 आत्या

सुधीरकाका: तिकडचं तिकडे. आपल्याकडे ससा सुद्धा चालत नाही. रानडुकराने भात लोळवलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. म्हणून सांगतो व्हिडिओच्या नावात "शिकार" लिहू नकोस, चिंबोऱ्या लिही, मुठे लिही. आणि जागा दिसता कामा नये. पूल, देऊळ, थांबा.

नितीन: काका शिकार लिहिलं की व्ह्यूज येतात

सुधीरकाका: आणि पनवेलच्या गाड्या पण येतात.

मंगेशदादा: आता सेटिंग. फ्रेम रेट ३० किंवा २५, ६० नको, ६० ला शटर पटकन बंद होतं नि अंधार वाढतो. आयएसओची (अंधारात चित्र उजळवणारी सेटिंग) वरची मर्यादा १६०० ठेव, फार तर ३२००, त्यापुढे चित्रावर वाळू पसरल्यासारखी येते. रात्री स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करणारी सेटिंग) कमी किंवा बंद कर, अंधारात ते चित्र थरथरवतं, त्यापेक्षा हळू चाल. हातातली स्वस्त बॅटरी कमी उजेडावर ठेवली की चित्रात काळे पट्टे पळतात, तेव्हा फुल ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कॅमेऱ्यांचा फोकस बहुतेक फिक्स असतो, साधारण एक फुटाच्या आत आणलंस की वस्तू भुरकट. म्हणजे चिंबोरी लेन्सला चिकटवून दाखवायची नाही, हात लांब करायचा.

प्राची: एक मिनिट. नितीनचा सगळ्यात भारी शॉट जवळचाच होता ना. ती मादी उलटी धरून पोटाची झडप उघडली आणि आत मसुरीएवढी पिल्लं वळवळत होती, मग पाण्यात सोडून दिली तिला. एडिट करताना मी तेच सुरुवातीला टाकलं आणि लोक तेवढ्यासाठी थांबले. तसलं मोबाईलवर घे, मोबाईल जवळचं चांगलं काढतो. पण वॉटरप्रूफ पाउचमध्ये ओल्या बोटांनी टच चालत नाही, आवाजाच्या बटणावर रेकॉर्डिंग सेट कर.

नितीन: ती सोडलेली तर खाली चार जणांनी कमेंट केली की वेडा आहे, लाख (आतला गर) गेली

सुधीरकाका: पोटात पिल्लं असलेली सोडायचीच. आमचे आजोबा पण सोडायचे. वलगणीला (पहिल्या पावसात मासे वर चढतात तेव्हा) पण सगळे मासे ओरपतात आजकाल, चढायला एक ठेवत नाहीत, अंडी घालणार कोण मग. हे बोल व्हिडिओत.

बाळाकाका: वलगणीवरून आठवलं, अमावास्या कधी आहे? चिंबोऱ्या भरलेल्या मिळतात.

शीतलवहिनी: बाबा तुमचं कोलेस्टेरॉल.

नितीन: कार्ड किती जीबी घेऊ

मंगेशदादा: ४के ला १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) धरलास तर तासाला ४५ जीबी जातात, ६४ चं कार्ड दीड तास पण पुरत नाही. १०८० वर ठेव, मोबाईलवरच बघतात लोक. १२८ चं घे, वर व्ही ३० लिहिलेलं, आणि घरी आल्यावर पूर्ण भरून तपास, नकली कार्ड अर्ध्यातच फाईल गिळतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दोन तरी घे. पॉवर बँकेची वायर लावून पावसात फिरू नकोस, झाकण उघडं राहिलं की वॉटरप्रूफ संपलं. गोप्रो ९ पासून हाइंडसाइट आहे, बटण दाबायच्या आधीचे १५ किंवा ३० सेकंद पण येतात त्यात, चिंबोरी बिळातून बाहेर आली की मग दाबायचं. पण ते चालू ठेवलं की बॅटरी खातं, तेव्हा फक्त बिळासमोर बसल्यावर.

प्राची: आणि माईक. पावसात नुसता खरखराट येतो. लाईव्ह बोलूच नकोस, घरी येऊन मागून बोल. तसाही तू तिथे फक्त "आयला" बोलतोस.

नितीन: 😡

रोहित: डोंबिवलीत माझ्या मित्राचा गोप्रो १० आहे, विकायचाय, साडेतेरा म्हणतोय

मंगेशदादा: बॅटरी फुगलीय का बघ, बाहेर नीट निघते का. झाकणाचं रबर फाटलंय का, लेन्सवरची काच चरे पडलेली का. मग त्याच्यासमोरच बादलीत दहा मिनिटं बुडव. लेन्सच्या आत वाफ धरली तर सोड, बारा सांगितला तरी सोड.

नितीन: रोहित रविवारी येतो मी. काका दीड हजार कमी पडतायत पट्ट्याला आणि कार्डाला

सुधीरकाका: जागा दिसता कामा नये. पूल, देऊळ, थांबा. दीड हजार मी देतो.

बाळाकाका: हँडीकॅम फुकट होता.