दिवाळीत अल्माटी, सोबत सासूबाई : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्याहून, घोडबंदर रोडवरून लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीत कझाकस्तानातल्या अल्माटीला जायचं जवळजवळ ठरलंय. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, शिवाय स्वित्झर्लंडचं कोटेशन बघून नवऱ्याने हातातला चहाच खाली ठेवला होता.

प्रश्न सासूबाईंचा आहे. बीपीची गोळी रोज, गुडघे कुरकुरतात. मेडेऊचं स्केटिंगचं मैदान साधारण 1,690 मीटरवर, तिथून गोंडोलाने (रोपवेने) शिंबुलाक हे स्कीइंगचं ठिकाण 2,260 वर आणि पुढे तालगार खिंड 3,200 च्या आसपास. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, तेही बसल्याबसल्या! डॉक्टर म्हणाले, "सावकाश चढा." आता रोपवे कुठला सावकाश चढतो? त्यांना घेऊन शिंबुलाकलाच थांबलं तर मजा येते का, की त्यांच्यासाठी कोक-तोबेची टेकडीच पुरे? नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोंडोला देखभालीसाठी बंद असतो का?

दुसरं म्हणजे, टूरवाल्याने चारिन कॅनियन आणि कोलसाई तलाव एकाच दिवसात कोंबलेत. चारिनच एका बाजूने 200 किमीच्या आसपास आहे. मला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. कोणी केलंय का असं?

जेवणाचं काय? तिकडे घोड्याचं मांस सर्रास, आणि सासूबाईंना अंडंही चालत नाही. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्यावा म्हणतेय. कुकर, मेतकूट मी नेईनच. कुठल्या भागात घेऊ? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.